टाचेतल्या काट्याचा दोष किती?

सकाळी उठून पाय जमिनीला टेकवला की टाचेच्या आतल्या बाजूला जीवघेणी कळ येते. भिंतीचा आधार घेत, चवड्यावर चालत मोरीपर्यंत जायचं. दहा-पंधरा पावलांनंतर पाय जरा मोकळा होतो, कामं रेटली जातात. पण दुपारी जेवून तासभर बसलं आणि उठलं, की पहिलं पाऊल पुन्हा नकोसं. दर दहा माणसांतल्या साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हे दुखणं गाठतं, आणि तेही बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे घर आणि नोकरी दोन्हींचा भार अंगावर असतानाच.

यातून बहुतेक जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. मात्र त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. अनेकदा वर्षाच्या आसपास. या लांबलेल्या काळात माणूस कंटाळतो, घाबरतो आणि सांगेल त्याचं ऐकायला लागतो. टाचदुखीबद्दलचे गैरसमज नेमके इथेच रुजतात.

‘टाचेचं हाड वाढलंय, ते टोचतंय’

सगळ्यात घट्ट बसलेली समजूत हीच. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूला चोचीसारखं टोक दिसतं. ते एकदा पाहिलं की पुढे प्रत्येक पावलाला तेच आतून भोसकतंय असं वाटू लागतं. पण एक्स-रे नीट पाहिला तर हे टोक जमिनीच्या दिशेनं नसतं. ते आडवं, बोटांच्या दिशेनं वाढलेलं असतं. वय आणि वजन वाढतं तसं असं टोक दिसण्याचं प्रमाणही वाढतं, आणि ज्यांची टाच कधीच दुखलेली नाही अशा कित्येकांच्या पायात ते सापडतं. उलट टाच दुखणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या एक्स-रेत ते दिसतच नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुखणं पूर्ण थांबल्यावर पुन्हा एक्स-रे काढला, तरी टोक होतं तिथेच असतं.

मग दुखतं काय? टाचेच्या हाडापासून पाचही बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा जातो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाचा अंगठा हातानं वर ओढा आणि दुसऱ्या हातानं तळव्याच्या कमानीवर चाचपून पाहा. ताठ झालेली दोरी लागते, तोच हा पट्टा. चालताना टाच उचलली जाते, अंगठा मागे वाकतो, पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान वर उचलून धरतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही रचना समजावून सांगितली आणि आजही ती तशीच शिकवली जाते. दिवसाला हजारो पावलं म्हणजे हजारो ताण. पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे त्याची रोज थोडी झीज होते, ती रात्री भरून येते. झीज जास्त आणि भरपाई कमी असं महिनोन्महिने चाललं की दुखणं सुरू होतं.

दुखण्याचं जुनं नाव ‘प्लांटर फॅशियायटिस’ सूज सुचवतं. पण २००३ मध्ये हार्वी लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांना सुजेच्या खुणांऐवजी तंतूंची झीज दिसली. नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे जुनं दुखणं का हटत नाही, याचं उत्तर बरंचसं यात आहे. गोळीनं चार दिवस बरं वाटतं. झिजलेला पट्टा मात्र तिनं बळकट होत नाही, आणि महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांची किंमत पोट आणि मूत्रपिंडं मोजतात.

हाडाच्या गैरसमजाला दोन उपफाटे आहेत. एक, हाड वाढलंय म्हणून दूध आणि कॅल्शियम बंद करायचं. टोकाचा आणि आहारातल्या कॅल्शियमचा तसा संबंध नाही, आणि रजोनिवृत्तीच्या वयातल्या बाईनं दूध सोडणं म्हणजे हाडांचं खरोखरचं नुकसान करून घेणं. दुसरा, ‘युरिक अॅसिड वाढलं असेल’ म्हणून डाळी आणि टोमॅटो सोडायचे. युरिक अॅसिडचा संधिवात बहुतेक वेळा अंगठ्याच्या सांध्यात अचानक, लालबुंद सूज घेऊन येतो. सकाळच्या पहिल्या पावलाला होणारी टाचदुखी त्या चित्रात बसत नाही.

‘मऊ चप्पल घेतली की झालं’

दुकानात माणूस चपलेचा तळ अंगठ्यानं दाबून पाहतो. जितका आत जाईल तितकी चप्पल चांगली. हा निकष अपुरा आहे. टाचेखाली थोडी गादी हवीच, पण संपूर्ण तळ पिळता येण्याइतका लिबलिबीत असेल तर पाऊल आत कलतं, कमान खचते आणि पट्ट्यावरचा ताण उलट वाढतो. चांगल्या जोडाचा खालचा थर घट्ट आणि वरचा थर मऊ असतो.

बूट हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. टाचेमागची वाटी बोटांनी चिमटीत दाबा. ती सहज चेपली तर बूट परत ठेवा. पुढचं टोक वर वाकवा. बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकायला हवा, मध्येच दुमडायला नको. मग दोन्ही टोकं धरून पिळा. टॉवेलसारखा पिळला गेला तर तो पायाला काय आधार देणार? टाच पुढच्या भागापेक्षा किंचित उंच असावी, सेंटिमीटरभर पुरे. त्यानं पोटरीचा ताण हलका होतो. अगदी सपाट तळ आणि उंच टाच दोन्ही दुखऱ्या दिवसांत टाळावेत. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्यावी. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं आश्वासन मानू नये.

चपलेला मागून पट्टा असावा. पट्टा नसला की चप्पल पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळली जातात आणि तळव्याला विश्रांती मिळत नाही. कोल्हापुरीचं मला मनापासून कौतुक आहे, पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, मागे पट्टा नसतो. टाच दुखत असेतोवर ती समारंभापुरती ठेवावी.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या एमसीआर चपलेबद्दलही थोडं सांगायला हवं. ती आली कुष्ठरुग्णांसाठी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, संवेदना गेलेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून, सूक्ष्म छिद्रांच्या या रबराच्या चपला वापरात आणल्या. पुढे मधुमेहींसाठीही त्या दिल्या जाऊ लागल्या. दाब पसरवणं हे तिचं काम आणि ते ती उत्तम करते. टाचदुखीतही बऱ्याच जणांना तिनं आराम पडतो. पण घेताना खाली कडक थर आहे का, मागे पट्टा आहे का, कमानीखाली उंचवटा आहे का, हे पाहावं. ‘डॉक्टर चप्पल’ असं लिहिलेली प्रत्येक चप्पल सारखी नसते.

आपल्या घरांतली खरी अडचण उंबऱ्याच्या आत आहे. बाहेर चांगले बूट घालणारी माणसं घरात ग्रॅनाइट आणि टाइल्सवर तासन् तास अनवाणी वावरतात. सकाळचा स्वयंपाक, ओट्यापाशी दीड-दोन तास उभं राहणं, सगळं अनवाणी, आणि तेही टाच सर्वाधिक दुखरी असते त्या वेळी. घरात चप्पल नको ही आपली रीत स्वच्छतेची आहे, आणि ती पाळूनही उपाय करता येतो: कधीच उंबऱ्याबाहेर न जाणारा वेगळा जोड ठेवायचा, देवघरापुरता काढायचा. तो जोड पलंगाशेजारीच असू द्या. सकाळचं पहिलं पाऊल त्यातच पडलं पाहिजे. न्हाणीघरातली पातळ रबरी स्लिपर यासाठी चालत नाही.

बुटात घालायच्या तळव्यांचा बाजार मोठा आहे. पायाचं माप घेऊन खास बनवलेला महागडा तळवा आणि दुकानातला तयार तळवा यांची तुलना कार्ल लँडॉर्फ यांच्या गटानं ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांवर केली. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सुरुवातीच्या महिन्यांत दोन्हींचा थोडा फायदा झाला, तोही साधारण सारखाच. वर्षानंतर फरक उरला नाही. तेव्हा आधी तयार तळवा किंवा सिलिकॉनची टाचेची वाटी वापरून पाहावी, दोन्ही पायांत. चुंबकाचे तळवे मात्र घेऊ नका. २००३ मध्ये अमेरिकेत चुंबक असलेले आणि चुंबकाचा नुसता देखावा असलेले तळवे, कुणाला कोणते हे न सांगता, लोकांना दिले गेले. दोन्ही गटांच्या आरामात एकमेकांपेक्षा फरक दिसला नाही. काटेरी अॅक्युप्रेशर चपलांनी दुखऱ्या जागेवर आणखी दाब येतो. मधुमेह्यांनी त्या पायात घालूच नयेत.

‘विश्रांती घ्या, आपोआप जाईल’

ताण कमी करणं आवश्यक आहे. पाय पूर्ण बसवून ठेवणं नाही. एकदम वाढवलेलं चालणं हे दुखण्याचं नेहमीचं कारण असतं. वर्षभर फारसं न चालणारा माणूस आषाढी वारीसाठी आळंदीहून पंढरपूरकडे निघतो आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, तेव्हा पट्ट्याला तयारीला वेळच मिळालेला नसतो. वारीला जायचं असेल तर दोन-तीन महिने आधीपासून चालणं हळूहळू वाढवावं, आणि नवे बूट त्या वाटेवर पहिल्यांदा घालू नयेत.

पाय बरा करण्यात चपलेपेक्षा मोठा वाटा व्यायामाचा आहे, हे ठामपणे सांगावंसं वाटतं. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं नडगीच्या दिशेनं मागे ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बेनेडिक्ट डिजिओव्हानी यांनी २००३ मध्ये दाखवलं की नुसती पोटरी ताणण्यापेक्षा हा ताण आठ आठवड्यांत अधिक आराम देतो. दुसरा व्यायाम डेन्मार्कच्या मायकेल राथलेफ यांच्या अभ्यासातला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घ्या, कठडा धरा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्यांची प्रकृती फक्त ताण देणाऱ्यांपेक्षा चांगली होती. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर मात्र संख्या कमी करा.

वीट, बिब्बा आणि इंजेक्शन

तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची पद्धत अनेक घरांत आहे. शेकानं घटकाभर बरं वाटतं, हे खरं. पण मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाला चटका बसल्याचं कळत नाही, आणि त्या भाजण्यातून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. बर्फाच्या बाटलीवर पाय फिरवण्यालाही त्यांच्यासाठी हीच मनाई. बिब्ब्याचा चटका कुणालाही देऊ नये. बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड आणि जखमा होतात. टाचेच्या पट्ट्यापर्यंत त्याचा काही उपयोग पोचत नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे चांगला आराम मिळतो. पुन्हा पुन्हा घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा आणि पट्टा तुटण्याचा धोका असतो. चालणंच अशक्य झालं असेल तर एखादं समजून-उमजून घ्यावं, व्यायाम सोबत ठेवून. सहा महिने नेटानं उपाय करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह उपचाराबद्दल डॉक्टरांना विचारावं. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

प्रत्येक टाचदुखी हीच नसते

टाचेच्या मधोमध, खोल दुखत असेल आणि अनवाणी चालताना दिवसभर वाढत जात असेल तर चरबीची गादी झिजलेली असू शकते. जळजळ, मुंग्या असतील तर नस दाबली गेल्याचा संशय घ्यावा. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. विशी-तिशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त आखडत असेल, तर अँकिलोसिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे मणक्याच्या संधिवाताची, तपासणी करायलाच हवी. या मुलांची वर्षं चपला बदलण्यात वाया जातात. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, लालसर सूज किंवा मधुमेहात पायावरची कोणतीही जखम असेल तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘वजन वाढलंय, दुसरं काय!’

जास्त वजन हे कारणांपैकी एक आहे, पण सडपातळ धावपटूंनाही हे दुखणं होतं. डॅनियल रिडल यांच्या २००३ च्या अभ्यासात तीन गोष्टी ठळक दिसल्या: घोट्याची कमी लवचीकता, लठ्ठपणा, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर जाणं. पहिल्या दोन्हींवर रुग्णाला स्वतः काही करता येतं. तिसरी गोष्ट त्याच्या हातात क्वचितच असते. साडीच्या दुकानातली विक्रेती, मॉलच्या दारातला सुरक्षारक्षक, चौकातला वाहतूक पोलीस, वर्गावर वर्ग घेणारी शिक्षिका, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना ‘वजन कमी करा आणि चांगले बूट घ्या’ एवढंच सांगणं अपुरं आहे, आणि अन्यायाचंही.

केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. केरळात त्यामागे कापडदुकानांतल्या स्त्रियांचा लढा होता. आपल्या दुकानमालकांनी कायद्याची वाट पाहू नये. काउंटरमागे एक स्टूल ठेवा, गिऱ्हाईक नसताना बसू द्या, गणवेशाबरोबर धड बूट द्या. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंसाठी स्वच्छ, जाड तळाचा एक जोड दाराआड ठेवा, तो वापरायला सांगा.