संगणकाचे बिऱ्हाड आणि मराठी अक्षरे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित पाठबळ थांबविले. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. पत्रे पूर्वीसारखी छापली जातात, हिशेबही जुळतात. थांबला तो सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा. तिच्या मागून आलेल्या ‘विंडोज ११’ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते आणि ठरावीक यादीतीलच प्रोसेसर चालतात. त्यामुळे बरीच धडधाकट यंत्रेही अपात्र ठरतात. शाळेची कचेरी असो, लहानसा छापखाना असो वा निवृत्त शिक्षकांचे घर असो, नवा संगणक घेऊन जुन्यातले बिऱ्हाड त्यात हलविण्याचा प्रसंग अनेकांवर आला आहे. विक्रेत्याचा माणूस हे काम अर्ध्या दिवसात उरकून देतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो काय हलवितो आणि काय मागे राहते, हे आपणांस ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे विवेचन. मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या बिऱ्हाडात एक सामान फार नाजूक आहे.

प्रथम घर आणि सामान यांतील भेद पाहू. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे सर्व अवयव कामाला लावणारी मूळ व्यवस्था. चावीफलकावर दाबलेले अक्षर ओळखणे, ते पडद्यावर दाखविणे, डिस्कवर नेमक्या जागी ठेवणे ही तिची कामे. प्रत्येक अवयवाशी बोलण्यासाठी तिच्याजवळ ‘ड्रायव्हर’ नावाचा एकेक दुभाषी असतो. जुन्या यंत्रावर बसविलेली प्रणाली त्या यंत्राचे दुभाषी घेऊन बसलेली असते. ती जशीच्या तशी नव्या यंत्रात नेली आणि नव्या डिस्कशी बोलणारा दुभाषीच तिच्याजवळ नसला, तर तिला स्वतःचे घरही उघडता येत नाही. ‘विंडोज एक्सपी’च्या काळी निळा पडदा व त्यावर ०x७बी हा संकेत अनेकांनी पाहिला असेल, त्याचा अर्थ हाच. विंडोज १० या बाबतीत पुष्कळ सोशिक आहे, तरी सुरू होण्याची पद्धत हा दुसरा अडसर उरतोच. जुन्या यंत्रांतील डिस्कची विभागणी बहुधा १९८३ सालापासून चालत आलेल्या एम.बी.आर. पद्धतीची असते. तिला ५१२ बाइटांच्या खणांच्या डिस्कवर दोन टेराबाइटांपलीकडची जागा मोजताच येत नाही. नवी यंत्रे जी.पी.टी. ही पद्धत मानतात. शिवाय संगणकाबरोबर कारखान्यातूनच आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना मात्र दुसरीकडे नेता येतो.

यावरून माझे मत असे, की यंत्र तेच असून केवळ डिस्क बदलावयाची असेल, तर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढावी. ‘क्लोनझिला’सारखे मोफत साधन ते काम उत्तम करते. यंत्रच नवे असेल, तर प्रणाली नवीच बसवावी आणि फक्त सामान न्यावे. लिनक्स वापरणाऱ्यांना हा नियम तितकासा लागू नाही, कारण त्या प्रणालीच्या गाभ्याबरोबर बहुतेक दुभाषी आधीच आलेले असतात आणि तिची डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली तर पुष्कळदा ती निमूटपणे सुरू होते.

कार्यक्रमांचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे, थोडक्यात सांगतो. त्यांचे फोल्डर उचलून नेल्याने बहुतेक कार्यक्रम चालत नाहीत, कारण त्यांच्या निम्म्या नोंदी विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या वहीत असतात. ते मूळ प्रतीवरून नव्यानेच बसवावे लागतात. काही जुन्या कार्यक्रमांना संगणकाच्या मागे लावावयाचे कुलूप, अर्थात डोंगल, लागते. ते प्रिंटरच्या जुन्या पंचवीस टाचण्यांच्या खोबणीत बसणारे असेल, तर नव्या यंत्रात ती खोबणी बहुधा नसेल.

आता सामान. ते ‘डॉक्युमेंट्स’मध्ये आहे असे आपण समजतो, प्रत्यक्षात ते घरभर पसरलेले असते. काही डेस्कटॉपवर, काही ‘डाउनलोड्स’मध्ये, टॅलीचे हिशेब टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात, आउटलुकची पत्रे एका भल्यामोठ्या फायलीत. हे सर्व प्रथम बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. वेळेचा अंदाज आधी करावा. जुन्या यू.एस.बी. २ खोबणीतून सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट जातात असे धरले, तर ५०० गिगाबाइटांना साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. बाहेरची डिस्क वा पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेला असेल, तर चार गिगाबाइटांची फाइल त्यावर मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती नेमक्या येथेच अडतात. जुन्या डिस्कवर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवावी. नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फायलींची संख्या व एकूण बाइट ताडून पाहावेत. अधिक खात्री हवी असल्यास प्रत्येक फायलीचा ‘हॅश’ नावाचा ठसा काढून मिळवावा. एक बाइट जरी बदलला तरी ठसा वेगळा येतो.

इतके सारे चोख झाले, ठसेही जुळले, तरी नव्या संगणकावर शाळेच्या स्मरणिकेची फाइल उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे, चौकोन आणि विचित्र चिन्हे यांचा गोंधळ दिसण्याचा पुरेपूर संभव असतो. फाइल शाबूत आहे. हरवली आहे ती अक्षरांची ओळख.

याचे मूळ १९९०च्या दशकात आहे. त्या काळी विंडोजला देवनागरीची जोडाक्षरे स्वतः घडविता येत नव्हती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरले होते, परंतु अक्षरजुळणीच्या धंद्याने निराळी वाट धरली. इंग्रजी फॉन्टात अक्षरांसाठी जे सुमारे दोनशे खण असत, त्यांत मराठी अक्षरांचे तुकडे बसविले गेले: कोठे अर्धा ‘ग’, कोठे काना, कोठे रफार. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच. मराठी दिसत ती केवळ फॉन्टाच्या कृपेने. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आय.एस.एम. अशा प्रणालींनी त्या काळी मराठी मुद्रणाचा मोठा भार वाहिला आणि हजारो पुस्तके घडविली, हे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. मात्र प्रत्येक घराण्याची खणांची वाटणी वेगळी होती. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा भलताच कोणी.

म्हणून स्थलांतराचा पहिला नियम असा, की विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ या फोल्डरातील जुने मराठी फॉन्ट फायलींच्या आधी जपून घ्यावेत. विक्रेत्याचा माणूस ते फोल्डर बहुधा उघडतही नाही. तेच फॉन्ट नव्या यंत्रावर बसविले, की बहुतेक फायली पुन्हा मराठीत वाचता येतात.

एवढ्याने निभावते, परंतु तेवढ्यापुरतेच. अशा फायलीत एखाद्या विद्यार्थ्याचे नाव शोधावयाचे म्हटले, तर संगणकास ते सापडणार नाही. त्याच्या दृष्टीने तेथे मराठी नाहीच. कायमचा उपाय म्हणजे हे लेखन युनिकोडमध्ये आणणे. ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे, आणि ‘विंडोज २०००’ने ‘मंगल’ या फॉन्टासह त्याचा वापर घरोघरी शक्य केला. रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात, पण त्यांचे काम वाटते तितके सरळ नाही. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसणारा क्रम पाळतात, युनिकोड उच्चाराचा. ‘दिवस’ या शब्दात जुन्या पद्धतीने आधी ऱ्हस्व वेलांटी येते, मग ‘द’. युनिकोडमध्ये ‘द’ आधी. ‘धर्म’ या शब्दात जुना रफार ‘म’नंतर ठेवलेला असतो, युनिकोडमध्ये ‘र’ त्याच्या आधी यावा लागतो. वेलांटी कोठून कोठे न्यावयाची, हे रूपांतरकाला जोडाक्षराची व्याप्ती ओळखून ठरवावे लागते, आणि ‘स्त्रियांच्या’ यासारख्या शब्दांशी तो अडखळू शकतो.

आणखी दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे. जुन्या लेखात मध्येच आलेले खरे इंग्रजी शब्द वेगळ्या फॉन्टात असतात. लेखातील नुसता मजकूर काढून रूपांतरकाला दिला, तर फॉन्टाची खूण नाहीशी होते आणि इंग्रजी शब्दांचेही अगम्य मराठी होते. म्हणून मूळ वर्ड-फाइलच रूपांतरास द्यावी. दुसरे म्हणजे ‘ॲ’. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वी ते ‘अ’वर चंद्र जोडून लिहीत. दिसावयास दोन्ही एकच, परंतु शोधताना एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. माजी विद्यार्थ्यांच्या यादीतील ॲडव्होकेट मंडळी अशी दोन गटांत विभागली जातात! सर्वत्र एकच रूप करून घ्यावे.

या कामी जुना संगणक चालू असणे फार मोलाचे. त्यावर प्रत्येक मराठी फाइल उघडून तिची पी.डी.एफ. प्रत काढावी, विंडोज १० मध्ये ती सोय प्रिंटरच्या यादीतच आहे. या प्रतीतून मजकूर उचलता येणार नाही, पण पान कसे होते याचा तो भरवशाचा पुरावा होय, आणि रूपांतरित लेखाची मुद्रिते त्यावरून तपासता येतात. पेजमेकरमधील स्मरणिकांना तर याची अधिकच गरज, कारण त्या कार्यक्रमाची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांना ही दगदग टाळता येण्याजोगी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील एखाद्या शाळेच्या स्मरणिकेत तेथील मराठी कुटुंबांचा जो वृत्तान्त असतो, तो पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात सापडण्याची शाश्वती नाही. छापील प्रती घरोघर विखुरतात, वाळवीच्या तोंडी पडतात. पुष्कळदा कचेरीतील संगणकावरची फाइल हीच त्याची शेवटची पूर्ण प्रत असते. कार्यप्रणाली पैसे टाकून उद्या पुन्हा मिळेल. ही प्रत मिळणार नाही.

रूपांतर व तपासणी पुरी होईपर्यंत जुना संगणक भंगारवाल्यास देऊ नये. त्याला इंटरनेटपासून तोडून कपाटात ठेवावा. फायलींची एक प्रत नव्या यंत्रात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर कोणा विश्वासू व्यक्तीकडे असावी. युनिकोड प्रतीशेजारी मूळ फाइल व तिचा फॉन्टही त्याच फोल्डरात ठेवावा, म्हणजे पुढे शंका आल्यास पडताळा घेता येईल. शेवटी जुने यंत्र काढून टाकतानाही नुसते ‘फॉरमॅट’ करून भागत नाही; झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते आणि मुलांचे पत्ते, जन्मतारखा, गुणपत्रके मागे तशीच राहतात. डिस्क पूर्णपणे पुसणाऱ्या कार्यक्रमाने ती कोरी करावी, अथवा काढून शाळेतच ठेवून घ्यावी.