पितळी स्टोव्ह पुन्हा पेटवताना

हदगावकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत, अडगळीच्या खोलीत, एखादा पितळी स्टोव्ह हमखास सापडतो. माहूरच्या यात्रेला निघताना डाळ-तांदळाच्या गाठोड्याशेजारी पोत्यात गुंडाळून हाच ठेवलेला असायचा. आता तो मोडीत पितळेच्या भावाने जातो. आपल्या घरी असा स्टोव्ह असेल, तर विकण्याआधी दोन दिवस त्याच्यासाठी काढावेत. पुष्कळदा बिघाड एखाद्या चामड्याच्या चकतीचाच असतो.

आधी त्याचे काम समजून घेऊ. 1892 मध्ये स्टॉकहोमला फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी काजळी न धरणारा, बिनवातीचा स्टोव्ह तयार केला. तोच प्रायमस. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतही याच जातीचे स्टोव्ह बर्फ वितळवायला होते. पंपाने टाकीत हवा कोंडली की रॉकेल नळीतून वर बर्नरमध्ये चढते. तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. ती वाफ निपलच्या, म्हणजे बर्नरच्या मधल्या बारीक तोटीच्या, भोकातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी जळते. म्हणजे या स्टोव्हमध्ये जळते ती रॉकेलची वाफ. एवढे ध्यानात राहिले की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी, ते सांगावे लागत नाही.

पहिली तपासणी टाकीची. वरून चमकणारी टाकीसुद्धा तडकलेली असू शकते, म्हणून स्टोव्ह इतकी वर्षे कुठे ठेवला होता, हे घरच्यांना आवर्जून विचारावे. इंग्रजांच्या काळात आपल्या देशातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की आपोआप तडकायची. त्याचा उलगडा 1921 मध्ये झाला. पत्रा दाबून आकार देताना पितळेत ताण राहतो, आणि जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया नेमका तिथेच पितळ फोडतो. स्टोव्हची टाकीही अशीच पत्रा दाबून केलेली असते. म्हणून गोठ्यात पडून राहिलेल्या स्टोव्हकडे मी जास्त संशयाने पाहतो. टाकी पुसून, उन्हात फिरवून, केसासारखी रेघ दिसते का ते बघावे. चीर असेल तर डाख लावून घेऊन तो पेटवू नये. दाबाखाली तो डाख कधी सुटेल याचा भरवसा नाही. असा स्टोव्ह शोभेला ठेवावा.

टाकी चांगली असेल तर आतले जुने, चिकट झालेले रॉकेल ओतून टाकावे. थोडे ताजे रॉकेल घालून खळखळवावे, काढावे. स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. बाहेरून चिंच आणि मीठ पुरे.

आता पंप. वरची टोपी फिरवली की दांडा बाहेर येतो. त्याच्या टोकाला वाटीसारखे चामडे असते, त्याला वायसर म्हणतात. वर्षानुवर्षे पडून ते वाळून आकसलेले असते, मग पंप कितीही मारला तरी हवा बाजूने निसटते. दांड्यावरून काढून ते रात्रभर गोडेतेलात भिजत घालावे. सकाळी बोटाने कडा बाहेरच्या बाजूला फाकवाव्यात. बसवताना वाटीचे तोंड टाकीकडे असावे.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वायसर नळीत ढकलताना कड एका बाजूने आत दुमडते आणि वरून काही कळत नाही. माझ्याकडून असेच झाले होते. दोन दिवस मी बर्नरला दोष देत राहिलो, आणि दांडा पुन्हा काढला तेव्हा चामड्याची कड घडी घातल्यासारखी मुडपलेली दिसली. दांडा हळूहळू फिरवत आत न्यावा, जोर लावू नये.

पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल, किंवा पंपाच्या नळीत रॉकेल चढत असेल, तर तळाचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, गेली आहे. ती काढायला लांब पाना लागतो. हे काम जुन्या कारागिराकडून करून घ्यावे. पूर्वी स्टोव्ह-बत्ती दुरुस्त करणारे काही जण आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात, त्यांना विचारावे.

निपलचे भोक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही बारीक असते. ते साफ करायला स्टोव्हची पिनच वापरावी. सुई किंवा सायकलची तार घातली की भोक मोठे होते, वाफ जास्त येते, ज्योत पिवळी पडून भांडी काळी होतात. अशा वेळी निपल बदलण्यावाचून इलाज नाही. पिन मारण्याआधी टाकीतली हवा सोडावी.

सगळे जोडून झाले की टाकी रिकामीच ठेवून थोडी हवा भरावी आणि स्टोव्ह पाण्याच्या बादलीत बुडवावा, सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसा. निपलमधून बुडबुडे येणारच. टाकीच्या सांध्यातून, झाकणातून किंवा बर्नरच्या बुडातून येत असतील तर तिथे गळती आहे. बर्नरखालचे शिशाचे वायसर बदलून गळती बहुधा थांबते. नंतर सगळे पूर्ण वाळू द्यावे.

रॉकेल गाळून, पाऊण टाकीच भरावे. वरच्या रिकाम्या जागेत हवा दाबून राहते. टाकी काठोकाठ भरली तर दाब टिकत नाही. रॉकेल मिळेना म्हणून त्यात पेट्रोल कधीही मिसळू नये. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते. रॉकेलचीही साधारण 35 ते 40 अंशांपुढे घेते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. म्हणून उन्हाळ्यात रॉकेल सकाळी, सावलीत, आसपास विस्तव नसताना भरावे.

पेटवताना हवा सोडायची चावी उघडी ठेवावी. बर्नरखालच्या वाटीत थोडे स्पिरिट ओतून पेटवावे, किंवा तारेला सुती चिंधी गुंडाळून केलेला काकडा लावावा. जुन्या काकड्यावर पांढरी दोरी असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती खरवडू नये. स्पिरिट संपत आले की चावी बंद करून चार-पाच पंप मारावेत. निळी ज्योत घोंगावू लागली की हळूहळू दाब वाढवावा.

घाई झाली की बर्नर पुरेसा तापत नाही, वाफेऐवजी पातळ रॉकेल उसळते आणि पिवळी ज्वाळा हातभर उठते. घाबरून स्टोव्ह उचलू नये. चावी उघडावी, हवा जाऊ द्यावी, ज्वाळा विझेपर्यंत लांब उभे राहावे. मग थंड झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात.

'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी एके काळी वर्तमानपत्रांत वरचेवर असायची. त्यांतल्या कितीतरी बायका हुंड्यासाठी जाळलेल्या होत्या आणि दोष स्टोव्हवर टाकला गेला. 1986 मध्ये हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा झाला. खरा भडका उडण्याची कारणे मोजकीच आहेत: जळत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, तापल्या बर्नरवर बाटलीतून स्पिरिट ओतणे, फार मोठी परात ठेवून किंवा वाऱ्यासाठी सगळीकडून पत्रा लावून टाकी तापवणे. टाकीला हात लावता येईना इतकी ती तापली तर लगेच चावी उघडावी. सिंथेटिक साडी किंवा ओढणी जवळ नको. खोलीची दारे-खिडक्या उघड्या हव्यात, आणि तंबूत तर पेटवूच नये. जळताना सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विझवायलाही चावीच उघडायची. फुंकर मारू नये. थंड झाल्यावर रॉकेल काढून, चावी उघडी ठेवून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा, गोठ्यापासून लांब. आणि यात्रेला न्यायचा असेल तर आदल्या दिवशी वायसरवर तेलाचे चार थेंब सोडावेत.