दिसते तोवरच डोळे तपासा : लेझर काय करतो, काय करत नाही



वस्तीत शुगर तपासायला गेलो की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते, "ताई, दिसायचं कमी झालं तर लेझर करून घेऊ की!" रुग्णालयात परिचारिका असताना असे म्हणत थांबलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. एक मावशी आल्या तेव्हा डोळ्यात रक्त उतरले होते. आधी का आला नाहीत, असे विचारले तर म्हणाल्या, "दिसत होतं ना!" म्हणून लेझर काय करतो आणि काय करत नाही, ते समजून घेऊ.

लेझर म्हणजे उजेडच. बल्बचा उजेड बाजारातल्या गर्दीसारखा, जो तो आपल्या दिशेने. लेझरचा उजेड समता सैनिक दलाच्या संचलनासारखा, एक रंग, एक दिशा, पावलाला पाऊल जुळलेले. यंत्रातल्या पदार्थाचे अणू आधी ऊर्जेने भरतात. त्यांच्याजवळून प्रकाशाचा एक कण गेला की अणू अगदी तसाच दुसरा कण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. आरशांमध्ये मागेपुढे फिरून हा उजेड वाढतो आणि बाहेर पडतो. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत माणकाची कांडी वापरून चालवला. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी तो डोळ्याच्या पडद्यासाठी वापरला.

डोळाच का? कारण हिरवा लेझर बुबुळावरच्या काचेसारख्या भागातून आणि भिंगातून आरपार जातो, त्यांना भाजत नाही. मागचा पडदा मात्र तो शोषून घेतो आणि तेवढाच ठिपका तापतो. चाकू न लावता काम होते.

शुगर वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. पडदा उपाशी राहतो, मग तिथे नव्या पण कमकुवत वाहिन्या फुटतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. डॉक्टर पडद्याच्या कडेच्या उपाशी भागावर लेझरचे ठिपके देतात. त्या भागाची भूक कमी होते आणि नव्या वाहिन्या सुकतात. कडेचे आणि रात्रीचे दिसणे थोडे कमी होऊ शकते, पण मधली नजर वाचवता येते.

लक्षात ठेवा, हा लेझर उरलेली नजर राखतो, गेलेली सहसा परत आणत नाही. काहींना त्याऐवजी किंवा त्यासोबत डोळ्यात इंजेक्शन लागते.

मोतीबिंदूलाही लोक 'लेझरचे ऑपरेशन' म्हणतात. पण नेहमीच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनमध्ये मोतीबिंदू फोडतात तो ध्वनिलहरींनी. 'लेझर' म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर शांतपणे विचारा: कोणता आजार, लेझर नेमका कशासाठी, दुसरा उपाय कोणता, खर्च किती? विचारणे हा आपला हक्क आहे.

आता करायचे काय?

• मोठ्या वयात शुगर निघाली की लगेच, आणि नंतर दर वर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. स्वच्छ दिसत असले तरी.
• थेंबांनी काही तास अंधुक दिसते. सोबत कोणाला तरी न्या, गाडी चालवू नका.
• शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले तर तपासणी लवकर करा.
• रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन जा. उपचार सरकारी योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.
• मुलांच्या हाती लेझरची बॅटरी देऊ नका. मिरवणुकीतल्या लेझर दिव्याकडे पाहू नका. उपचारात मोजून दिलेला तोच उजेड इथे बेहिशेबी असतो.

बाबासाहेबांनाही शेवटच्या वर्षांत मधुमेह होता, नजर मंदावली होती. तेव्हा लेझर जन्मलाही नव्हता. आज तो आहे. डोळ्यांपुढे काळे ठिपके, जाळे किंवा पडदा आल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि घरात शुगरचे कोणी असेल तर, काही त्रास नसला तरी, याच महिन्यात त्यांना तपासणीला न्या.