घरगुती बुद्धिबळातील अनोख्या चालींचा समतोल : एक विवेचन

प्रस्तावना :
बुद्धिबळाचे नियम आज जगभर एकसारखे असले, तरी ही एकरूपता तुलनेने अलीकडची आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळविषयक ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत आला, तोही युरोपीय पद्धतीशी जुळवून घेऊन. नियम बदलणे ही आपल्या खेळपरंपरेतील जुनीच गोष्ट आहे. तथापि, नवी चाल सुचणे सोपे, तिचा तोल राखणे अवघड. हा तोल कसा तपासावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चालींचे मोजमाप :
दोन्ही बाजूंना समान मोहरी दिल्याने खेळाडूंत न्याय होतो. मोहऱ्यामोहऱ्यांत तो होतोच असे नाही. यासाठी रिकाम्या पटावरील प्रत्येक घरातून मोहऱ्यास किती घरे गाठता येतात, हे मोजून त्याची ६४ घरांवर सरासरी काढावी. हत्तीची सरासरी १४, उंटाची ८.७५, तर घोड्याची ५.२५ येते. वजिरास घोड्याची उडीही दिल्यास ती २८ होते. असा वजीर एकटाच प्रतिपक्षाच्या एकाकी राजावर मात करू शकतो व इतर मोहरी गौण ठरतात.

परंपरेतील उपाय :
सरासरीइतकीच पोहोचही महत्त्वाची असते. अरबी शतरंजातील हत्ती तिरकस दोन घरे उडी घेई. त्याची सरासरी २.२५ असून त्यास सबंध पटावर केवळ ८ घरे मिळत. इ.स. १०३० च्या सुमारास अल्-बिरुनीने वर्णिलेला भारतीय हत्ती मात्र तिरकस एक घर किंवा सरळ पुढे एक घर जाई. पुढच्या त्या एका पावलामुळे त्यास दोन्ही रंगांची सर्व घरे खुली होत. दुसरा उपाय अटीचा. देशी खेळात राजास घोड्याची चाल मिळे. पण एकदाच, आणि तीही शह बसण्यापूर्वी.

उपयोजन :
समजा, घोड्याऐवजी 'सांडणी' योजली; ती तीन घरे सरळ व एक घर आडवे अशी उडी घेते. तिची सरासरी ४.३८ येते आणि ती जन्मभर एकाच रंगावर राहते. तिला जुन्या हत्तीचे पुढचे एक पाऊल दिले, की रंगाचे बंधन तुटते व सरासरी नेमकी ५.२५, म्हणजे घोड्याइतकी होते. अर्थात आकडे जुळले म्हणजे सामर्थ्य जुळले असे नव्हे. एका बाजूस घोडे व दुसऱ्या बाजूस सांडण्या देऊन, बाजू बदलत अनेक डाव खेळावेत. एका वेळी एकच नियम बदलावा, अन्यथा फरक कशाने पडला ते उमगत नाही.

निष्कर्ष :
अनोखी चाल काढून टाकण्यापेक्षा तिला अट घालणे किंवा तिच्यात अल्पशी भर घालणे अधिक श्रेयस्कर ठरते. देवळ्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयातही एक पट, कागद व पेन्सिल एवढ्या साधनांवर हा प्रयोग होऊ शकतो. गणन, अनुमान आणि पडताळणी ही संशोधनाची त्रिसूत्री त्यातून विद्यार्थ्यांस सहज आत्मसात होईल.