सही, अंगठा आणि हप्ता

सत्तरच्या दशकातल्या गिरणगावात खाणावळ चालवणारी बाई पहाटे उठून दहा-पंधरा गिरणी कामगारांचे डबे करायची. हे तिचे ‘मेंबर’. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर. डाळ, तांदूळ, रॉकेल मात्र रोज लागणार. मग वाण्याची उधारी, तिच्यावर चढं व्याज, आणि फारच तटलं की भांडी नाहीतर मंगळसूत्र गहाण. कष्टात कसूर नव्हती, गिऱ्हाईकही बांधलेलं होतं. अडायचं ते पैसा येण्याच्या आणि जाण्याच्या तारखांपाशी.

गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि मुंबईच्या कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ही अडचण नेमकी हेरली. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. तारण काही नाही. एकमेकींची हमी, एवढंच. गरीब कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पाहताना मी आधी हेच शोधतो: चालवणाऱ्या माणसाला त्या घराचा रोजचा हिशेब कळतो का? तळमळ पुष्कळांकडे असते. हिशेबाची जाण फार थोड्यांकडे असते, आणि माझ्या मते खरं नेतृत्व तिथेच ठरतं.

अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. दोन वर्षांनी तिची सहकारी बँक निघाली. सुमारे ४,००० जणींनी दहा-दहा रुपयांचे शेअर घेतले. निरक्षर बायकांची बँक नोंदवायची कशी, या सरकारी प्रश्नावर त्यांनी सही गिरवायला शिकून उत्तर दिलं. अंगठ्यावरून ओळख पटणार कशी, तर पासबुकावर फोटो.

निरक्षरतेचा तोच अडथळा वीसेक वर्षांनी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात पुन्हा उभा राहिला. म्हसवडला काम करणाऱ्या चेतना सिन्हा यांच्याकडे फुटपाथवर राहून लोहारकाम करणारी एक बाई आली. तिला कर्ज नको होतं. पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घेण्यापुरते पैसे साठवायचे होते, आणि एवढ्याशा रकमेसाठी कुठली बँक खातं उघडेना. बायकांच्या बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. संस्थापक बायका निरक्षर म्हणून तो फेटाळला गेला. गावात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. बायका स्वतः अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या: कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे बँक दारापर्यंत गेली, कारण बँकेत जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. पिन नंबर आला तेव्हा बायकांनीच अंगठा मागितला. नंबर कुणीही काढून घेईल, अंगठा कसा नेणार? कल्पना त्यांची, ती मान्य करण्याइतका मोठेपणा चालवणाऱ्यांचा.

जिथे घर नजरेआड झालं, तिथे काय झालं ते २०१० मध्ये आंध्र प्रदेशात दिसलं. एकेका घराला तीन-चार सूक्ष्मवित्त कंपन्यांची कर्जं, एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला. नुसतं कर्ज वाटणं म्हणजे गरिबी निवारण नव्हे, हे मी फार ठामपणे म्हणतो. घरातलं एक आजारपण वर्षभराची कमाई खाऊन टाकतं. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्याच्या वस्त्यांतून अन्नपूर्णा परिवाराचं काम सुरू केलं. तिथे कर्जाच्या जोडीला सभासदांचा परस्पर विमा आणि पाळणाघरं आहेत, ती याचसाठी. मूल सांभाळायला कुणी नसेल तर भाजीची पाटी घेऊन बाहेर पडायचं कसं?

या आढाव्यातला मला छळणारा प्रश्न वारशाचा. इलाबेन १९९६ मध्ये सरचिटणीसपदावरून बाजूला झाल्या. आज ‘सेवा’च्या सभासद २० लाखांच्या पुढे आहेत. संस्थापक बाजूला झाल्यावरही वाढत राहणं बहुतेक लहान संस्थांना जमत नाही, आणि दोष नेहमी संस्थापकाचाच असतो असंही नाही. देणगीदार प्रकल्पाला दोन-तीन वर्षांचे पैसे देतो. वस्तीत हप्ता गोळा करणाऱ्या, कुणाच्या घरात मारहाण चालू आहे हे सगळ्यात आधी कळणाऱ्या कार्यकर्तीच्या पगाराला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कात्री लावतो. पगार नाही म्हणून ती सोडून जाते. पुढे संस्था चालवू शकली असती अशी बहुधा तीच असते.