विस्थापन: शाळेतलं, मनातलं आणि धरणाखालचं

विस्थापन म्हणजे कापलेलं अंतर, असं बरीच मुलं धरून चालतात. भौतिकशास्त्रात वाट मोजत नाहीत. सुरुवातीची आणि शेवटची जागा यांमधलं सरळ अंतर आणि दिशा एवढंच बघतात. म्हणून ४०० मीटरच्या ट्रॅकवर पूर्ण फेरी मारणाऱ्याचं विस्थापन शून्य.

रसायनशास्त्रातलं विस्थापन वेगळं: मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला, की त्यावर तांबूस थर चढतो. तो गंज नव्हे, आणि खिळ्याचं तांबंही झालेलं नसतं. लोखंड अधिक क्रियाशील. ते द्रावणात उतरतं आणि तिथलं तांबं बाहेर पडून खिळ्यावर बसतं. निळा रंग हळूहळू फिका हिरवा होतो.

साहेब ओरडले म्हणून घरी येऊन पोराला धपाटा घालणं, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. हे माणूस ठरवून करतो, असा समज आहे. फ्रॉइडच्या परंपरेत मात्र विस्थापन ही नेणिवेत चालणारी बचावाची युक्ती मानतात: जिथे राग काढणं धोक्याचं, तिथून तो निमूट सोसणाऱ्याकडे वळतो. नकळत घडलं म्हणून पोराला कमी लागत नाही, हेही तितकंच खरं.

सर्वांत महागात पडलेला गैरसमज धरणांबाबतचा आहे: जमिनीची भरपाई मिळाली की विस्थापन मिटलं. कोयना धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. तोवर खोऱ्यातली गावं शिवसागर जलाशयाखाली गेली होती. डोंगरउतारावर भात-नाचणी पिकवणारी कित्येक कुटुंबं सांगली, सोलापूरकडच्या कोरडवाहू मुलखात गेली, काही ठाणे, रायगडात. तिथे पाऊस वेगळा, माती वेगळी, पेरणीचे दिवस वेगळे. पिढ्यांचं शेतीचं ज्ञान निरुपयोगी ठरलं. रानातलं सरपण, गुरांची चराई, हाकेच्या अंतरावरचे भाऊबंद यांतलं काहीच सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे भरपाईच्या हिशेबातही येत नाही.

ज्याची जमीन गेली तोच विस्थापित, हेही चूक. गावातला शेतमजूर, कुळानं कसणारा, सुतार, लोहार यांचं पोट त्याच गावावर असतं. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यानं अशा भूमिहीनांनाही बाधित कुटुंब मानलं. अट एवढीच, की संपादनापूर्वी तीन वर्षं त्यांचं काम त्या बाधित भागात चाललेलं असावं आणि संपादनानं त्यांच्या मुख्य उपजीविकेवर परिणाम होत असावा. पण मजुरीची पावती कोण देतो? हा पुरावा गोळा करायचं काम सरकारी यंत्रणेनं स्वतःहून गावात जाऊन, पाणी अडवण्याआधी करायला हवं.