अमरवेल दिसली? ओरबाडून बांधावर टाकू नका

सोयाबीन, तूर किंवा लसूणघासात चार-दोन झाडांवर पिवळ्या शेवयांसारखा गुंता दिसला, तर ती अमरवेल. परभणी भागात शिवारफेरीला गेलो की एकच चूक वारंवार दिसते. वेल हाताने ओरबाडायची आणि बांधावर फेकायची. झाडाला चिकटून राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा वाढतो, आणि फेकलेली वेल बांधावरच्या हिरव्या तणावर चढते.

अमरवेलीला पाने नसतात. बियातून दोऱ्यासारखा कोंब निघतो आणि हवेत गोल फिरत झाड शोधतो. आठ-दहा दिवसांत झाड सापडले नाही तर तो बहुधा मरतो. पण हा शोध आंधळा नसतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की समोर झाड नसले तरी टोमॅटोच्या नुसत्या वासाकडे अमरवेलीचा कोंब वळतो. सुरणाचे फूल सडक्या मांसासारखा वास सोडून माश्या बोलावते, हे तुम्ही पाहिले असेल. इथे तर वास घेणारी वनस्पतीच आहे! झाड सापडले की ती खोडाला वेटोळे घालते, शोषक मुळे आत घुसवते आणि जमिनीशी संबंध तोडते. पुढे अन्न-पाणी सगळे तुमच्या पिकाचे.

म्हणून वेल पिकाच्या झाडासकट उपटा. दहा झाडे गेली तर जाऊ द्या. काम फुले येण्याआधीच करा आणि सगळे शेताबाहेर नेऊन जाळा. एका वेलीपासून हजारो बिया पडतात व त्या जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. बी धरलेली वेल जनावरांना घालू नका; बी शेणातून जिवंत बाहेर पडते, आणि न कुजलेल्या शेणखताबरोबर पुन्हा रानात येते. लसूणघासाचे बियाणे घेताना चाळून, स्वच्छ असलेलेच घ्या.

गेल्या हंगामात अमरवेल आलेल्या रानात सोयाबीन पेरणार असाल, तर पेरणीनंतर उगवणीपूर्वी, जमिनीत ओल असताना पेंडीमिथॅलिन लेबलवरील मात्रेनुसार फवारा. पिकावर चढलेल्या वेलीवर मात्र ते चालत नाही.

ज्वारी, मका, गहू यांवर अमरवेल सहसा जगत नाही, त्यामुळे फेरपालट उपयोगी पडते. फक्त ज्वारी घेण्याआधी त्या रानात टारफुला येत होता का, हे आठवा. तोही परोपजीवीच, पण मुळांवर जगणारा. वर दिसेपर्यंत ज्वारीचे बरेच नुकसान झालेले असते.